पायांवरची सूज : दुखणे पायात, कारण भलतीकडेच

सरकारी रुग्णालयाची मेडिसिन ओपीडी. सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. बाकावर दाटीवाटीने बसलेल्यांपैकी तिघेजण पाहा. पहिल्या आहेत चौसष्ट वर्षांच्या आजी. गुडघेदुखी जुनी, रक्तदाब सहा-सात वर्षांचा. संध्याकाळ झाली की चपलेचा पट्टा पायात रुततो, पैंजण तर कधीच काढून ठेवले. त्यांच्या शेजारी पंचेचाळिशीचे एक काका. सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करतात. मोजे काढले की नडगीवर मोज्याच्या इलॅस्टिकची खोल रेघ उमटलेली दिसते. तिसरी आहे अठ्ठावीस वर्षांची ताई. बाळंत होऊन पाच आठवडे झालेत, मांडीवर बाळ आहे आणि सोबत सासूबाई.

तिघांच्या केसपेपरवर पहिली ओळ एकच आहे : दोन्ही पायांना सूज, दाबल्यास दुखते.

तिघांनीही घरी काही ना काही करून पाहिले आहे. आजींनी गुडघ्याच्या गोळ्या वाढवल्या. काकांनी औषधाच्या दुकानातून ‘लघवीची गोळी’ आणून चार दिवस घेतली. ताईचे पाय सासूबाईंनी रोज तेल लावून चोळले, शेकले आणि ‘ओली बाळंतीण आहे, वारं लागलं असेल’ म्हणून धीर दिला. तक्रार एक असली तरी तिघांचे आजार तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकाचा औषधांच्या पिशवीत, एकाचा मूत्रपिंडात आणि एकाचा हृदयात. तिघांपैकी एकाला तर आज घरी पाठवणे धोक्याचे आहे. तो कोण, हे पायांकडे बघून कळत नाही. त्यासाठी काही प्रश्न विचारावे लागतात.

पाणी पायातच का उतरते?

केशवाहिन्या म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंतीतून रक्तातले थोडे पाणी सतत बाहेर झिरपते आणि पेशींना पोषण पोहोचवते. आत रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन ते आत धरून ठेवते. बाहेर आलेल्या पाण्यातला उरलेला भाग लसवाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. हा ताळमेळ कसा राहतो, याचे मूलभूत तत्त्व ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. आजही सुजेचा विचार करताना डॉक्टर त्याच चौकटीत विचार करतात.

म्हणजे सूज येण्याची कारणे मोजकी चार. शिरांमधला दाब वाढला, रक्तातले अल्ब्युमिन घटले, केशवाहिन्यांच्या भिंती जास्त झिरपू लागल्या किंवा लसवाहिन्यांचा निचरा तुंबला. हृदय, मूत्रपिंड, यकृत, पोषण, औषधे, संसर्ग यांपैकी कुठलाही आजार यातल्याच एखाद्या वाटेने सूज आणतो. साठलेले पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. चालत्या-फिरत्या माणसाच्या ते घोट्यांवर दिसते, अंथरुणाला खिळलेल्याच्या कमरेखाली, पाठीच्या मागच्या बाजूला. प्रौढ माणसाच्या शरीरात दोन ते तीन लिटर जादा पाणी साठेपर्यंत सूज डोळ्यांना दिसत नाही. वजनाचा काटा मात्र त्याआधीच बोलू लागतो.

मग दुखते कशाने? सूज भराभर आली की त्वचा आणि खालचे पापुद्रे ताणले जातात आणि दाबल्यावर हुळहुळतात. शिरांमध्ये रक्त तुंबले की पाय जड होतात, ठणकतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी किंवा दाह असेल तर दुखणे जास्त असते, त्यासोबत लाली आणि ऊबही येते. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृतामुळे हळूहळू आलेली सूज मात्र बहुधा फारशी दुखत नाही. म्हणूनच ‘दुखत नाही म्हणजे साधी असेल’ हा समज घातक आहे.

अंगठ्याने करायची तपासणी

घरी करता येईल अशी एक सोपी गोष्ट आहे. घोट्याच्या चार बोटे वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा आणि उचलावा. खड्डा पडून काही क्षण तसाच राहिला, तर पाणी साठले आहे असे समजावे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरा, औषधे यांच्यामुळे आलेल्या सुजेत असा खड्डा पडतो. पाय फुगलेला आहे पण खड्डा पडत नाही, तर थायरॉइडची कमतरता, लसवाहिन्यांचा जुना अडथळा किंवा चरबीचा विकार यांचा विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. सकाळी उठल्यावर पाय बरे आणि संध्याकाळी भरलेले, हे शिरांच्या आजारात दिसते आणि हृदयाच्या आजाराच्या सुरुवातीलाही. सकाळी आरशात बघताना डोळ्यांभोवती फुगवटा आणि दिवस चढेल तसे पाय भरत जाणे, हा मूत्रपिंडाचा इशारा. आधी पोट वाढले आणि मग पाय सुजले, तर बोट यकृताकडे जाते.

तिसरा प्रश्न : एक पाय की दोन? एकाच पायाची अचानक आलेली, दुखरी सूज म्हणजे बहुधा त्या पायातच काही घडले आहे. रक्ताची गुठळी, संसर्ग किंवा मार. दोन्ही पाय सारखे सुजले की कारण बहुधा पायांत नसते, ते वर कुठेतरी असते. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात इथूनच करावी.

ताईची उशी

आता बाकावरच्या तिघांकडे वळू. तपासणीत ताईला विचारलेला प्रश्न पायांविषयीचा नव्हताच. ‘रात्री झोपताना किती उशा घेता?’ ताईने सासूबाईंकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आडवं झोपताच येत नाही. गेले आठ दिवस भिंतीला टेकून बसूनच झोपते. आडवी झाले की खोकला येतो, जीव घाबरतो.’ सासूबाईंना वाटत होते, बाळाच्या जागरणाने अशक्तपणा आला आहे.

हा अशक्तपणा नव्हे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांच्या हृदयाचे स्नायू अचानक दुबळे होतात. पूर्वी हृदयाची कसलीही तक्रार नसलेल्या तरुण मुलीतही हे घडू शकते. पंप दुबळा झाला की मागे रक्त तुंबते. फुप्फुसांत तुंबले की दम लागतो, शिरांमध्ये तुंबले की पाय सुजतात. बाळंतिणीला थकवा आणि पायांवर थोडी सूज असणे इतके सर्वसामान्य आहे की हा आजार त्या आडोशाला लपून राहतो. ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको केल्यावर निदान होते. वेळेवर उपचार मिळाले तर अनेकींचे हृदय काही महिन्यांत बऱ्याच अंशी सावरते. उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. पुढचे बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ठरवू नये, हे कुटुंबातल्या सगळ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

हृदयामुळे आलेली सूज कोणत्याही वयात अशाच खुणा सोडते. जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, सपाट झोपल्यावर गुदमरणे, मध्यरात्री दम लागून उठून बसणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला असेल किंवा लहानपणच्या सांधेतापाने झडपा खराब झालेल्या असतील, तर पायावर सूज आल्याबरोबर डॉक्टरांना गाठावे.

गरोदरपणाविषयी एक वेगळी सूचना. शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी पाय सुजणे हे बहुतेकींना होते. पण पाचव्या महिन्यानंतर तोंडावर आणि हातांवर सूज आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, छातीखाली पोटात दुखले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर हे साधे पाय सुजणे नाही. आई आणि बाळ दोघांनाही त्यात धोका असतो.

काकांच्या लघवीतला फेस

काकांना वाटत होते, उभे राहून पाय सुजतात. ते अगदीच चूक नव्हते. तासन्‌तास उभे राहणाऱ्यांचे पाय सुजतातच. पण त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि सकाळी डोळ्यांच्या पापण्याही जड होतात. ‘लघवीला फेस येतो का?’ असे विचारल्यावर म्हणाले, ‘येतो की, साबणासारखा. मला वाटलं टॉयलेट धुवायच्या लिक्विडचा असेल.’

निरोगी मूत्रपिंड रक्तातले प्रथिन लघवीत जाऊ देत नाही. मधुमेहाने, उच्च रक्तदाबाने किंवा मूत्रपिंडाच्या इतर विकारांनी ही गाळणी खराब झाली की अल्ब्युमिन गळू लागते. दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिन गळू लागले की रक्तातले अल्ब्युमिन घसरते, पाणी धरून ठेवायला कोणी उरत नाही आणि सूज येते. याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होण्याची शक्यताही वाढते, त्यामुळे एखादा पाय एकाएकी जास्त सुजला आणि दुखू लागला तर ते वेगळे संकट समजावे.

यातली दुःखाची बाब ही की सूज येण्याच्या कितीतरी वर्षे आधी लघवीची एक साधी तपासणी हा धोका दाखवू शकते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. काकांची साखर दर तीन महिन्यांनी तपासली जात होती, लघवी नऊ वर्षांत एकदाही नाही. गळती लवकर कळली तर रामिप्रिल, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या औषधांनी मूत्रपिंडाची घसरण मंदावता येते. ती औषधे कोणाला, किती द्यायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

यकृताचीही गोष्ट अशीच. अल्ब्युमिन यकृतात तयार होते. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच लठ्ठपणा व मधुमेहासोबत येणारे फॅटी लिव्हर यांनी यकृत कडक झाले की अल्ब्युमिन कमी पडते, पोटात पाणी होते आणि पाय भरतात. डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी, काळे शौच, झोपेची वेळ उलटीपालटी होणे ही सोबतची लक्षणे.

आजींची पिशवी

आजींची तपासणी व्यवस्थित होती. दम नाही, छाती स्वच्छ, लघवी स्वच्छ. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘आजी, पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा बरं.’

टेबलावर निघाले ते असे : रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, तेही तीन महिन्यांपूर्वी दुप्पट केलेले. गुडघ्यांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक, रोज दोनदा, गेले दोन महिने. सुजेसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली फ्युरोसेमाइड. त्यानंतर पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले म्हणून आणखी एक वेदनाशामक. शिवाय मुलीने आणून दिलेला ज्येष्ठमधाचा काढा, रोज सकाळी.

अ‍ॅम्लोडिपिन हे चांगले आणि स्वस्त औषध आहे. ते बारीक धमन्या सैल करते, पण पुढच्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोट्यांवर पाणी उतरते. मात्रा जितकी जास्त तितकी ही शक्यता जास्त. इथे शरीरात पाणी जादा झालेले नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. उलट पोटॅशियम घटते, गोळे येतात, उठताना चक्कर येऊन म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडू शकते. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा दुसऱ्या गटातले औषध जोडणे हा खरा उपाय. पण रक्तदाबाची गोळी मनाने बंद करणे हा उपाय नव्हे. त्यातून पक्षाघात ओढवू शकतो.

वेदनाशामकांची गोष्ट आणखी गंभीर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधे मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. रक्तदाब चढतो, दुबळे हृदय आणखी थकते, मूत्रपिंडाला इजा होते. पाय सुजले आणि दुखतात म्हणून वेदनाशामक घेणारा माणूस पुष्कळदा सूज वाढवतच असतो. ज्येष्ठमध रोज, बरेच दिवस घेतल्यास तेही मीठ-पाणी धरते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते, हे फार कमी जणांना ठाऊक असते. पायोग्लिटाझोन, प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, स्टेरॉइड आणि काही संप्रेरकांच्या गोळ्या हीदेखील सूज आणणारी औषधे. सांधेदुखीवर ‘जादूसारखा गुण’ देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असू शकते. चेहरा गोल होत चालला आणि पाय सुजले तर ती पुडी डॉक्टरांना दाखवावी.

एका औषधाचा दुष्परिणाम, त्यावर दुसरे औषध, त्याच्या दुष्परिणामावर तिसरे. ही साखळी तोडण्यासाठी महागडी तपासणी लागत नाही. पिशवी उघडावी लागते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण आणि इंजेक्शनची चिठ्ठी सोबत न्यावी.

जेव्हा दुखणे पायातच असते

दोन्ही पाय सुजून दुखण्याची पायांतली कारणेही आहेत. सर्वांत नेहमीचे म्हणजे शिरांचा आजार. शिरांमध्ये रक्त वर चढवणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साठते. शिक्षक, वाहतूक पोलीस, न्हावी, स्वयंपाकी, दुकानातले सेल्समन अशा उभ्याने काम करणाऱ्यांत आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा त्रास जास्त. शिरा गाठीसारख्या फुगतात, संध्याकाळी पाय ठणकतात, घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळपट तपकिरी होते, खाजते आणि पुढे जखम होऊन ती महिनोन्‌महिने भरत नाही. दोन्ही नडग्या लाल, खाजऱ्या आणि हुळहुळ्या झाल्या की अनेकदा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिले जाते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा शिरांमुळे झालेला त्वचेचा दाह असतो. जंतुसंसर्ग बहुधा एकाच पायाला होतो, लाली भराभर पसरते आणि ताप येतो. मधुमेही माणसाने अशा लालीकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

खोल शिरेतली गुठळी बहुतेकदा एका पायात होते. पण ती पोटातल्या मोठ्या शिरेपर्यंत गेली किंवा कर्करोगासारखा आजार असेल तर दोन्ही पाय सुजून दुखू शकतात. शस्त्रक्रिया, फ्रॅक्चरचे प्लास्टर, लांबचा प्रवास, बाळंतपण, संततिनियमनाच्या गोळ्या ही जोखीम वाढवणारी कारणे. अशा पायाला कधीही चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत दुखते आणि मृत्यूही येऊ शकतो. डॉपलर सोनोग्राफीने निदान होते.

दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, दाबल्यास फार दुखणाऱ्या गाठी उठल्या तर तो वेगळा दाह असतो. आपल्याकडे त्यामागे घशाचा संसर्ग, क्षयरोग, क्वचित एखादे औषध असू शकते. कुष्ठरोगाच्या रुग्णांतही तशाच दुखऱ्या गाठी येतात, त्या हात आणि चेहऱ्यावरही उठतात. ‘उष्णतेच्या गाठी’ म्हणून त्या सोडून देऊ नयेत.

काही स्त्रियांच्या कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय सारखेच जाड असतात, दाबले तर दुखतात, जरा धक्का लागला की काळेनिळे होतात. पण पावले मात्र सडपातळ असतात. १९४० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे अ‍ॅलन आणि हाइन्स यांनी या विकाराला लिपेडिमा हे नाव दिले. या स्त्रियांना आयुष्यभर ‘कमी खा’ एवढेच ऐकावे लागते. खाणे कमी करूनही पाय बारीक होत नाहीत, कारण ही साधी चरबी नसते. लघवीच्या गोळ्यांनीही काही होत नाही.

पूर्व विदर्भात हत्तीरोग अजून पाहायला मिळतो. डासांमार्फत शरीरात शिरणारे कृमी लसवाहिन्या तुंबवतात. सूज बहुधा एका पायाला किंवा दोन्ही पायांना कमी-जास्त असते, मधूनमधून ताप येऊन पाय लाल होतो आणि ठणकतो. रक्ताचा नमुना रात्री घ्यावा लागतो, कारण हे सूक्ष्म कृमी रात्रीच रक्तात फिरतात. आरोग्य कर्मचारी वर्षातून एकदा दारात येऊन समोर गोळ्या घ्यायला सांगतात, त्या त्यासाठीच असतात. सूज आलेली असल्यास पाय रोज साबण-पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या तरी तापाचे झटके खूप कमी होतात.

ताटातून आलेली सूज

पायांच्या दुखऱ्या सुजेचा विषय निघाला की वैद्यकाच्या इतिहासातली दोन उदाहरणे आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिले पिवळ्या धोत्र्याचे. शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत उगवणाऱ्या या काटेरी झुडपाच्या काळ्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. त्यांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले की त्यातले सँग्विनरिन हे विष केशवाहिन्यांच्या भिंती सैल करते. दोन्ही पाय सुजतात, लाल होतात, दाबले की दुखतात. जुलाब होतात, दम लागतो, हृदय निकामी होते, काहींची दृष्टी काचबिंदूने जाते. कोलकात्यात १८७७ मध्ये या साथीची नोंद झाली. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने हजारो लोक आजारी पडले आणि सुमारे साठ जण दगावले. महाराष्ट्रातल्या घरांत मोहरीचे तेल कमी वापरले जाते, तरी लोणच्यांतून आणि उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकातून ते इथेही आहेच. एकाच घरातल्या अनेकांचे पाय एकदम सुजले, तर तेल ताबडतोब बदलावे आणि त्याचा नमुना जपून ठेवून आरोग्य विभागाला कळवावे.

दुसरे उदाहरण बेरीबेरीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर काम करणारे डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांनी पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांच्या पायांतली ताकद जाते आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. थायमिन या जीवनसत्त्वाकडे नेणारी ती वाट होती. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. हा आजार संपला असे वाटते, पण रोज दारू पिणारा आणि जेवण टाळणारा माणूस आजही पाय सुजून, पिंडऱ्या दुखत, छातीत धडधड घेऊन येतो. थायमिनच्या इंजेक्शनने तो काही दिवसांत, कधी काही तासांतही सुधारू लागतो. तीव्र रक्तक्षय आणि अपुरी प्रथिने हीदेखील सुजेची कारणे आहेत.

घरी काय करावे, काय करू नये

कारण कळल्यावर काही गोष्टी बहुतेकांना उपयोगी पडतात. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एक चमच्यापेक्षा कमी ठेवावे. हा हिशेब भाजीतल्या मिठाचा नाही, पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स, खारवलेले मासे यांसकट आहे. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडावे. हृदयाच्या आजाराने दम लागत असेल तर मात्र तसे करू नये. उभ्याचे काम असेल तर टाचा वर-खाली करत पिंडऱ्यांचा पंप चालू ठेवावा. लांबच्या एसटी प्रवासात पाय हलवत राहावेत. शिरांच्या आजारात दाबमोजे उत्तम काम करतात, पण पायाच्या धमन्यांत अडथळा नाही ना, हे आधी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने रोज सकाळी शौचानंतर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहावे. पाणी किती प्यायचे, हे आजारावर ठरते. शेजारच्यांना सांगितलेला नियम आपल्याला लागू पडेलच असे नाही.

सुजेच्या पहिल्या भेटीत रक्तदाब, लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिनसह यकृताच्या चाचण्या, थायरॉइड आणि ईसीजी एवढ्याने बहुतेक वेळा दिशा मिळते. या तपासण्या सरकारी रुग्णालयात होतात. इको, सोनोग्राफी, डॉपलर गरजेप्रमाणे.

दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, अशी लक्षणे ही : सुजेसोबत दम लागणे किंवा आडवे झोपता न येणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, एका पायाची अचानक वाढलेली दुखरी सूज, ताप येऊन पसरणारी लाली, लघवी एकदम कमी होणे, गरोदर स्त्रीला डोकेदुखी व अंधारी, गुंगी किंवा बडबड.

बाकावरून उठताना

दुपारी एकच्या सुमारास ओपीडी ओसरली. आजींच्या पिशवीतल्या तीन गोळ्या आणि काढा टेबलावरच राहिला. रक्तदाबाचे औषध बदलून मिळाले, गुडघ्यांसाठी पॅरासिटॅमॉल आणि व्यायामाचा कागद. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे आहे. ‘म्हणजे मला काही झालंच नव्हतं?’ असे त्यांनी विचारले. झाले होते, पण ते औषधांचे होते.

काकांच्या लघवीत अल्ब्युमिन चार अधिक निघाले. त्यांना मूत्रपिंड विभागाची आणि डोळ्यांचा पडदा तपासण्याची चिठ्ठी मिळाली. गमावलेली नऊ वर्षे परत येणार नाहीत, पण पुढची वर्षे डायलिसिसपासून दूर ठेवण्याची संधी अजून आहे.

ताईला व्हीलचेअरवरून थेट वॉर्डात नेले. इकोमध्ये हृदयाचा पंप निम्म्याहून कमी ताकदीने चालत होता. बाळ आता सासूबाईंच्या मांडीवर होते. त्या सारखे एकच म्हणत होत्या, ‘पायच तर सुजले होते हो, एवढं काय असेल असं वाटलं.’ ताईला नशिबाने वेळेवर आणले गेले. ज्या घरात बाळंतीण बसून झोपते आहे, त्या घरातल्या कोणी ही ओळ वाचत असेल, तर पायांना तेल नंतर लावता येईल. आज तिला रुग्णालयात घेऊन जा.